अकरा सेकंद

“पण अण्णा, तुम्ही मध्येच बोललात का?”

उन्मेषने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा आवाज बेताचा होता.

अण्णा पहिल्या रांगेत पत्र्याच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर नाटकाची संहिता उघडी, उजव्या हाताचं बोट एका ओळीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी उन्मेषकडे बघितलं. मग वर बघितलं.

“पंखा लावा की रं कुणीतरी. मरायची वेळ आली.”

पंखा उन्मेषनेच बंद करायला लावला होता. त्याची घरघर शांततेत येते म्हणून. एप्रिल महिना, सांगलीचं ऊन आणि वर पत्रा. तरी बंद.

चेलो वाजवणारी तहसीन उठली. तिने चेलो जपून आडवा ठेवला आणि बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरायला लागला. अण्णांच्या मांडीवरची पानं फडफडली. अण्णांनी त्यांच्याकडे न बघताच वर तळवा ठेवला. बोट त्याच ओळीवर राहिलं.

“मला वाटलं, अडकलासा,” ते म्हणाले.

झालं होतं ते असं.

उन्मेष दिघे आपला नवा प्रयोग घेऊन सांगलीतल्या एका वाचनालयाच्या माडीवर आला होता. याला नाटक म्हणायचं की मैफल, असं कुणी विचारलं की तो पंधरा मिनिटं बोलायचा, आणि विचारणाऱ्याला तेवढ्यात कुणाचा तरी फोन यायचा. कलाकार तिघं. शरयू गायची आणि बोलायची, तहसीन चेलोवर, नेल्सन क्लॅरिनेटवर. एक टेबल, तीन खुर्च्या, एक रिकामं ताट. पायात कुणाच्याच काही नाही.

सुरुवातीला शरयू भराभरा बोलते. बाजारहाट, शेजारीण, नवऱ्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण. नेल्सन हा तिचा नवरा. त्याच्या डोक्यातून भाषा पुसली गेली आहे, तो नुसता क्लॅरिनेट वाजवतो. हळूहळू तिचीही वाक्यं मोडतात. मग शब्द मोडतात, अक्षरं उरतात, अक्षरांचे सूर होतात आणि ते चेलो उचलतो. पन्नास मिनिटांनी सगळ्या भाषेतून एकच धड वाक्य शिल्लक राहतं. शरयू विचारते, “जेवलास का?”

मग अकरा सेकंद शांतता.

मग क्लॅरिनेटचा एक खालचा सूर. मग शरयूचं “थांब, वाढते.” की संपलं.

शब्द हे रिकामं भांडं आहे, असं उन्मेषचं म्हणणं होतं. परदेशात चार वर्षं शिकून तो हे म्हणणं घेऊन आला होता. त्यावर त्याने चौदा पानांची पुस्तिकाही छापली होती. ती प्रेक्षकांना दारातच देणार होते. पुस्तिकेत शब्द बरेच होते.

आणि ते अकरा सेकंद म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. नऊ करून बघितले होते, तेरा करून बघितले होते. दहा त्याला फार गोल वाटले. अकरावर महिनाभर तालीम चालली होती. सगळा प्रयोग त्या शांततेवर उभा होता. ती पडली तर बाकी पन्नास मिनिटं म्हणजे तीन माणसांची नुसती आदळआपट, हे त्याला स्वतःलाही कळत होतं. पहिला प्रयोग परवा, शनिवारी, पुण्यात होता.

त्याआधी तो अण्णांनी बघायला हवा होता.

अण्णा म्हणजे सदाशिव मेस्त्री. चाळीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, हातात पुस्तक धरायचं, आणि नट अडला की पुढचा शब्द त्याला तेवढा ऐकू जाईल असा द्यायचा. प्रेक्षकांना कळलं तर ती प्रॉम्प्टरची नाचक्की. चाळीस वर्षांत अण्णांचं पान एकदाही हुकलं नाही, असं कंपनीतले लोक सांगायचे. एकदा म्हणे भर अंकात दिवे गेले, पाठोपाठ रंगमंचावर साप निघाला, नायिका बेशुद्ध पडली. दिवे आले तेव्हा अण्णांचं बोट त्याच ओळीवर होतं.

वीस वर्षांचा असताना उन्मेष एका स्पर्धेत भर रंगमंचावर ब्लँक झाला होता. विंगेतून शब्द आला. इतका हळू, की तो आपल्याच डोक्यातून आला असं त्याला वाटलं. प्रयोग संपल्यावर त्याने शोध घेतला, तर विंगेत एक काळासावळा म्हातारा पिशवी भरत होता. पुढची तीन वर्षं दर रविवारी उन्मेष त्यांच्याकडे जाऊन मोठ्याने संहिता वाचायचा. बोलणं म्हणजे काय, ते तो तिथे शिकला. तीन वर्षांत अण्णा एकदाही छान म्हणाले नाहीत. पसंत पडलं की पान उलटायचे. तेवढंच.

त्याला अण्णांकडून एक शब्द हवा होता. जमलं. नुसतं जमलं म्हणाले असते तरी चाललं असतं.

मंडळींना त्याने सांगितलं होतं, की वाचनालयाच्या माडीवर आवाज फार सुंदर घुमतो. शब्द रिकामे असतात म्हणणारा माणूस एका शब्दासाठी पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर आला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण तरी कशाला सांगा.

नऊ वर्षांनी भेटत होते. अण्णा फोनवर म्हणाले होते, “जेवायलाच या सगळी. सून झुणका करतीय.” उन्मेष म्हणाला होता, “नको अण्णा, कशाला उगाच त्रास, आम्ही वाटेत खाऊ. तुम्ही थेट हॉलवरच या.” मग सकाळी सहाला निघाले, कऱ्हाडला चहा झाला, आणि उशीर झाला म्हणून खाणं राहून गेलं.

आल्यावर त्याने अण्णांना वाकून नमस्कार केला आणि सुबक बांधलेली संहिता दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवली.

“त्यांना पुस्तक कशाला?” शरयूने हळूच विचारलं.

“मान असतो त्यांचा,” उन्मेष म्हणाला.

चाळीस वर्षांच्या प्रॉम्प्टरच्या हातात पुस्तक द्यायचं आणि त्याने नुसतं बघत बसावं असं म्हणायचं, ही चूक नाटकवाल्यालाच सुचावी.

पन्नास मिनिटं सुरळीत गेली. शरयूने विचारलं, “जेवलास का?” शांतता सुरू झाली. उन्मेषच्या मुठीत स्टॉपवॉच होतं. चार... पाच... सहा...

“थांब, वाढते.”

आवाज पहिल्या रांगेतून आला. हळू, कोरडा, स्वच्छ. पंखा बंद असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला.

आणि शरयू रंगमंचावर वाढलेली मुलगी. विंगेतून शब्द आला की तो उचलायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती ताबडतोब म्हणाली, “थांब, वाढते.”

नेल्सनचा सूर अजून यायचाच होता. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं, पण त्याला हसू आवरलं नाही, आणि आतून बदकासारखा आवाज आला.

अशी ती शांतता पडली. म्हणून उन्मेष तीन-तीनदा विचारत होता.

“अडकलो नव्हतो अण्णा. ती शांतताच आहे. लिहिलेली आहे. तुमचं बोट तिच्यावरच आहे.”

अण्णांनी बोट उचलून खाली बघितलं. कंसात छापलं होतं: शांतता, ११ सेकंद.

“व्हय. लिवलंय खरं.”

“मग?”

“मग काय? मी पोरांकडं बघतो. पुस्तक हाताला असतंय.”

उन्मेषचे कान तापले. त्याच्या मनात आलं, म्हातारे झाले. एक्क्याऐंशी म्हणजे काही थोडं वय नाही. हा विचार मनात आला आणि त्याला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या बरं वाटण्याची लाज वाटत राहिली.

“दमलात तुम्ही,” तो मऊपणाने म्हणाला. “ऊनही फार आहे. घरी सोडू का?”

अण्णांनी बोट पुन्हा त्या ओळीवर ठेवलं.

पंखा फिरत राहिला.

“दुसऱ्या एका जागी मी बोललो न्हाई,” अण्णा म्हणाले. “ते न्हाई विचारलंस.”

“कुठल्या?”

“पान अठरा. गलबताचं.”

पान अठरावर शरयूला गलबतात बसून माहेरी गेल्याची आठवण सांगायची असते, आणि सांगता सांगता ती मोडत जाते. उन्मेषने आपली वही काढली. तालमीत तो प्रत्येक पानाची नोंद करायचा. पान अठरापुढे त्याने आजच लिहिलं होतं: अप्रतिम. असंच ठेवणे. दोनदा अधोरेखित.

“तिथं ती विसरली,” अण्णा म्हणाले. “चांगली बक्कळ विसरली. मी बोललो का?”

“विसरली? नाही हो अण्णा. तिथे तर तिने...” तो शरयूकडे वळला. “विसरली होतीस?”

शरयूने ओढणीने तोंड पुसलं. थोडा जास्तच वेळ पुसलं.

“हो.”

“म्हणजे?”

“म्हणजे विसरले. गलबतच्या पुढे काही आठवेचना. मला वाटलं, गेलं आता सगळं.”

“किती वेळ?”

“मला काय माहीत! बराच.”

“मी तोच सूर धरून ठेवला ना,” तहसीन म्हणाली. “माझा गज संपत आला होता. मनात म्हटलं, बाई, बोल आता काहीतरी.”

उन्मेषने वही मिटली. दोनदा अधोरेखित केलेलं कुणी बघितलं तर नाही ना, असं त्याला वाटून गेलं.

“मग तेव्हा का नाही दिलात शब्द?”

“शोधत होती की ती. माणूस शोधत असला की मधी शब्द देऊ ने. हाताला लागत आल्यालं सुटतंय त्याच्या.”

“आणि शेवटी?”

“शेवटी कोण काय शोधत होतं?”

याचं उत्तर पुस्तिकेत होतं. पान नऊ. उन्मेषने ते सुरूही केलं. “शेवटी असं आहे अण्णा, की भाषेच्या पलीकडे जी एक...”

“पोरांना चपला का काढायला लावल्यास?”

“अं? ते... जमिनीशी थेट संबंध यावा म्हणून. एक प्रकारची शुद्धता.”

“बरं केलंस. दिसलं मला.”

“काय दिसलं?”

“अंगठे.”

नेल्सनने दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली घेतले.

अण्णा त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. “कुठला रं तू?”

“मिरजेचा. भोसले. आमचा बँड होता लग्नाचा.”

“मग अंगठा हलणारच. पोटातनं शिकून आलायस.” ते उन्मेषकडे वळले. “विंगेतनं नटाचं तोंड दिसत न्हाई. पाय दिसतात. गाणारा पद विसरला की काय करतोय? अंगठ्यानं ताल धरून उभा राहतोय, शब्द यायची वाट बघत. चाळीस वर्षं तेच बघितलं. आज बघतो तर तिघांचे अंगठे एका तालात, आणि तोंडं बंद. म्हटलं, अडकली पोरं. दिला शब्द.”

उन्मेषने तिघांकडे बघितलं.

“मोजता तुम्ही?”

“मोजायलाच लागतं ना सर,” नेल्सन म्हणाला. “अकराला सूर. मागं दहाला आलो तर तुम्ही किती बोललात.”

“मी पण मोजते,” शरयू म्हणाली.

“मी उलटे मोजते,” तहसीन म्हणाली. “अकरा, दहा, नऊ, आठ. तसं मला सोपं जातं.”

आता गंमत म्हणजे उन्मेष स्वतःही मोजतच होता. त्याच्या मुठीत तर यंत्र होतं. पलीकडचं काहीतरी ऐकू यावं म्हणून केलेल्या त्या शांततेत चार माणसं चार बाजूंनी आकडे म्हणत होती.

तो खुर्चीवर बसला. चार वर्षं डोक्यात वागवलेली गोष्ट एका म्हाताऱ्याने तीन अंगठ्यांवर मोडून दाखवली होती. त्याला रडू यायच्या बेतात होतं. पण तो उन्मेष दिघे होता. त्याने खिशातलं पेन काढलं.

“मग किती ठेवू? सात?”

अण्णा गप्प.

“पंधरा? पंधरात मोजणं सुटत असेल कदाचित.”

अण्णांनी वर पंख्याकडे बघितलं.

मध्येच शरयूने विचारलं, “अण्णा, तुम्ही याआधी कधी असा भलत्या जागी शब्द दिलात?”

“एकदा. चिकोडीला.”

“काय झालं?”

“पोरगं परदेशातनं घरी येतंय आणि आई गेलेली, असा प्रवेश. आमचा नट दारात उभा राहिला. त्यानं बोलायचं होतं. बोलेना. मी तवा नवा होतो, घाबरलो. दिला शब्द. त्यानं घेतला न्हाई. विंगेकडं मान बी वळीवली न्हाई. मागनं त्याचा तो बोलला. अंक संपल्यावर माझ्याकडं आला. म्हणाला, मेस्त्री, मी तिथं घरी गेलो होतो. मधी का हाक मारलीस?”

“मग?”

“मग दोन महिने बोलला न्हाई माझ्याशी.”

उन्मेष पुढे झुकला. “किती वेळ थांबला होता तो?”

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. रविवारी चुकीच्या जागी श्वास घेतला की बघायचे, तसं. नेल्सनने तोंडावर हात ठेवला.

मग अण्णा उठले. गुडघ्यांवर हात टेकून, दोन हप्त्यांत. संहिता खुर्चीवर ठेवली आणि टेबलाकडे गेले. शरयूच्या खुर्चीवर बसले. समोरच्या खुर्चीकडे, नेल्सनच्या, हात केला.

“बस.”

“मी? अण्णा, मी यात काम करत नाही. मी फक्त...”

“बस रं.”

उन्मेष जाऊन बसला. अण्णांनी तळहात पुढे केला. काय हवंय ते उन्मेषला आधी कळेना, मग त्याने स्टॉपवॉच दिलं. अण्णांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं. मध्ये रिकामं ताट होतं.

“जेवलास का?”

उन्मेषने चेहरा तयार केला. आता अण्णा करून दाखवणार, असं त्याने धरलं होतं. भाषा विसरलेल्या माणसाने कसं बघावं, ते नेल्सनला त्यानेच शिकवलं होतं. तसं तो बघायला लागला.

अण्णा काही करून दाखवत नव्हते. ते त्याच्याकडे बघत होते...

हो, असं त्याच्या ओठावर आलं. वाटेत खाऊ म्हणाला होता ना तो. हो म्हटलं की झालं.

त्याला ते म्हणता येईना.

झुणका करतीय म्हणाले होते. या म्हाताऱ्याने सकाळीच सुनेला सगळ्यांचं करायला सांगितलं असणार. आपण त्याला नऊ वर्षांनी भेटलो आणि त्याच्या घराचा उंबरा न चढता त्याला हॉलवर बोलावलं. तो आला. वरच्या माळ्यावर, वीस पायऱ्या चढून, एक्क्याऐंशीव्या वर्षी. मांडीवर पुस्तक घेऊन बसला.

उन्मेषने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. त्याला ताटाकडे बघवेना, आणि अण्णांकडेही बघवेना...

“नाही,” तो म्हणाला.

आवाज फार खालून आला. तो कुणी लिहून दिलेला नव्हता.

“मग आधी जेवून घ्या,” अण्णा म्हणाले आणि उठले. “सुनेनं केलंय समद्यांचं. झाकून ठेवलंय.”

अण्णांचं घर वाचनालयापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. सगळे पायीच गेले. झुणका, ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा, ताक. सून वाढत होती आणि प्रत्येकाला अजून एक घ्याच म्हणत होती. नेल्सनने चार भाकरी खाल्ल्या. तहसीनला खर्डा लागला, ती दोन वाट्या ताक प्यायली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघून सगळे हसले. भाषा आणि अर्थ यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. उन्मेष खाली मान घालून जेवला. त्याला फार भूक लागली होती.

साडेतीनला परत माडीवर.

उन्मेषने आपली संहिता उघडली. शेवटचं पान काढलं. कंसातल्या ओळीवर काट मारली, सगळ्या ओळीवर. मग ती तिघांना दाखवली.

“मग मी पुढचं कधी बोलू?” शरयूने विचारलं.

“ते मला माहीत नाही.”

हे वाक्य चार वर्षांत त्याने पहिल्यांदा उच्चारलं असेल. शरयू त्याच्याकडे बघतच राहिली.

“आणि सर, माझा सूर?” नेल्सनने विचारलं.

“तुला तिने काहीतरी विचारलंय. तुझं तू बघ.”

“अकराच्या आत की नंतर?”

“नेल्सन.”

“बरं बरं.”

अण्णा पुन्हा पहिल्या रांगेत बसले. मांडीवर संहिता. त्यांनी थुंकीने बोट ओलं करून पान एकोणचाळीस काढलं, ओळीवर बोट ठेवलं. तहसीन पंखा बंद करायला उठली होती.

“राहू दे,” उन्मेष म्हणाला.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. शरयूचे शब्द मोडत गेले, सूर झाले, ते चेलोने उचलले. अण्णांचं बोट ओळीवरून ओळीवर सरकत होतं. चेलो थांबला.

“जेवलास का?”

...

उन्मेषचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. स्टॉपवॉच अण्णांच्या सदऱ्यात होतं.

नेल्सन ताटाकडे बघत होता. त्याने क्लॅरिनेट उचललं, आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. हे तालमीत कधी झालं नव्हतं. शरयू टेबलावर किंचित पुढे झाली. तिला खरंच कळायला हवं होतं, हा माणूस जेवलाय की नाही. तहसीनचा गज हवेत होता आणि तो खाली आणायचं तिच्या लक्षात नव्हतं.

उन्मेषला भीती वाटली. विसरले का हे? अडकले का? आता कुणीतरी शब्द द्यायला हवा का? मागे वळून अण्णांकडे बघावं असं त्याला फार वाटलं, पण समोरून नजर काढता येईना. त्याने खाली बघितलं. सहा पाय. एकही अंगठा हलत नव्हता.

किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं...

मग सूर आला. लिहिलेला, खालचा, भरीव सूर तो नव्हताच. बारीक होता आणि मध्येच कापरा झाला. लाजलेल्या माणसाने नाही म्हणावं तसा. शरयू तरीही लगेच बोलली नाही. तिने ताट आपल्याकडे ओढलं, पदर नव्हता म्हणून हातानेच पुसलं.

“थांब,” ती म्हणाली. “वाढते.”

संपलं.

कुणी हललं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

बऱ्याच वेळाने उन्मेष मागे वळला. त्याला आता विचारायचं होतं. ज्यासाठी आला होता ते विचारायचं होतं.

“अण्णा...”

अण्णांचा चष्मा त्यांच्या हातात होता. दुसरा हात खुर्चीच्या दांड्यावर. मांडीवरची संहिता पंख्याच्या वाऱ्याने भलतीकडेच उघडली होती, आणि पानं आपली आपण उलटत होती.

उन्मेषचा आवाज ऐकून ते दचकले. त्यांनी घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. चार पानं पुढे गेले. सहा पानं मागे आले. पुन्हा पुढे गेले.

मग त्यांनी ओशाळून वर बघितलं.

“कुठलं पान चाललं होतं रं?”